तिसरा अ‍ॅम्प घेण्याआधी

गाडीमालक आले तेव्हा गाडीतल्या स्टिरिओचा आवाज मोठा करणाऱ्या तिसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचं मॉडेलसुद्धा ठरवून आले होते. पहिला बदलून झाला होता आणि दुसऱ्यालाही तेच दुखणं जडलं होतं. लांबच्या प्रवासात अर्धा-पाऊण तास गाणी झकास वाजायची, मग एकदम सगळं गप्प आणि अ‍ॅम्पवर लाल दिवा. पंधरा-वीस मिनिटं गेली की आपोआप पुन्हा सुरू. शहरातल्या रोजच्या ये-जा करण्यात मात्र एकदाही असं झालं नव्हतं. "दोन्ही कंपन्यांचा माल तसलाच निघाला हो," असा त्यांचा निकाल होता.

मला त्यातलं "आपोआप सुरू" एवढंच महत्त्वाचं वाटलं. कुठे वायर शॉर्ट असेल तर लाल दिवा चालू करताक्षणी लागतो आणि वाट पाहून जात नाही. थोडा वेळ विश्रांती दिली की शहाण्यासारखा वागायला लागणारा अ‍ॅम्प बहुतेक वेळा धडधाकट असतो. तापमान मर्यादेबाहेर गेलं म्हणून तो स्वतःला वाचवत असतो. म्हणजे प्रश्न दोनच राहिले. उष्णता तयार किती होते आणि बाहेर किती पडते?

गाडीत काय होतं ते आधी सांगतो. मागे वेगळी डिकी असलेली सेडान. ४ चॅनलचा क्लास एबी प्रकारचा अ‍ॅम्प, वजन साधारण ४ किलो, अंगभर अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या). दोन चॅनल पुढच्या दारांतल्या स्पीकरला आणि उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) डिकीतल्या पेटीबंद १२ इंची वूफरला, म्हणजे बासच्या स्पीकरला. अ‍ॅम्प पार्सल ट्रेखालच्या (मागच्या सीटमागच्या फळीखालच्या) पत्र्याला उलटा टांगलेला, म्हणजे फिन्स खाली आणि पाठ वर. पत्रा आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये कार्पेट चिकटवलेली फळी, तिला अ‍ॅम्प घट्ट टेकलेला. एका टोकाला ८० मिलिमीटरचा छोटा पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला. हा पंखा आधीच्या फिटरने "गरम होतोय ना, मग घ्या" म्हणून नंतर लावला होता.

उलटा टांगण्याचा मोह मी समजू शकतो. डिकी मोकळी राहते, अ‍ॅम्प नजरेत येत नाही, काम सफाईदार दिसतं. पण गरम हवा वर जाते, आणि इथे वर होतं कार्पेट, फळी आणि पत्रा. फिन्समधली हवा तापून वर सरकणार ती अ‍ॅम्पच्याच पोटाला जाऊन टेकणार. घरात छताला लागून साठलेली ऊब जशी पंखा लावल्याशिवाय हलत नाही, तसंच. त्यात हा पंखा बंद डिकीतली तीच हवा घुसळत होता. बाहेरून गार हवा आत येत नसेल आणि गरम हवेला जायला वाट नसेल, तर पंखा उष्णता इकडची तिकडे करतो, एवढंच.

डिकी रिकामी, डिकी भरलेली

कारण तर दिसलं, असं वाटून मी जरा निवांत झालो. गाडी उभी ठेवून इंजिन चालू, गाडीमालकांच्याच पसंतीची गाणी त्यांच्याच आवाजात लावली आणि दोन तास थांबलो. अ‍ॅम्प बंद पडला नाही! फिन्सचं तापमान ७१ अंशांवर जाऊन स्थिरावलं. डिकीतली हवा ३६.

हे आकडे घेताना एक गोष्ट सांभाळावी लागते. इन्फ्रारेड थर्मामीटरने पहिल्यांदा थेट फिनवर नेम धरला तर तो ४३ दाखवत होता आणि बोट मात्र क्षणभरही टिकत नव्हतं. चकचकीत, रंग न दिलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांवाटे फार कमी बाहेर टाकतं, आजूबाजूचंच प्रतिबिंब मीटरला दाखवतं. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा, तो तापेपर्यंत मिनिटभर थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा. मग खरा आकडा येतो. आधीच्या कुणी "४३ तर आहे, गरम कुठे?" असं म्हणून अ‍ॅम्पलाच दोष दिला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

तरीही माझी पंचाईत झालीच होती. ७१ म्हणजे गरम, पण बंद पडण्याइतकं नाही. उलटं टांगणं हे एकच कारण असतं तर माझ्यासमोरही अ‍ॅम्प थांबायला हवा होता. शहरात बंद पडत नाही आणि प्रवासात पडतो, याचा अर्थ मी "प्रवासात जास्त वेळ वाजतो" असा लावला होता, आणि तो चुकला होता. दोन तास तर इथेही वाजला.

मग फोन करून विचारलं, "लांब जाताना डिकीत काय काय असतं?"

"काय असणार, सामान. चार जणांचं. काठोकाठ भरते डिकी."

"जसं भरता तसंच भरून गाडी घेऊन याल का?"

दुसऱ्या दिवशी ते बॅगा घेऊन आले, आणि वर अंथरायच्या चादरी आणि उशाही. त्या चादरी-उशा नेमक्या अ‍ॅम्पच्या फिन्सना खालून टेकत होत्या. पंख्याच्या तोंडावर एक जाकीट. तोच आवाज, तीच गाणी. ३८ मिनिटांनी अ‍ॅम्प बंद. टेपवर ८२ अंश, डिकीत ४४.

इथे एक छोटं गणित केलं, कारण त्यातून परिस्थिती किती वाईट आहे ते कळतं. क्लॅम्प मीटरने (डीसी मोजणारा हवा, साधा एसीवाला इथे चालत नाही) अ‍ॅम्प सरासरी १५ अँपिअर खेचत होता. १३.६ व्होल्टने गुणलं की साधारण २०४ वॅट. क्लास एबी अ‍ॅम्प संगीत वाजवताना यातला जेमतेम एक तृतीयांश भाग स्पीकरकडे पाठवतो असं धरलं, तर १३५ वॅटच्या आसपास निव्वळ उष्णता. ४ किलो अ‍ॅल्युमिनियम एक अंशाने तापवायला सुमारे ३,६०० ज्यूल लागतात. म्हणजे उष्णता अजिबात बाहेर पडली नाही, तर दर २७ सेकंदांना एक अंश, आणि ३८ मिनिटांत ८५ अंशांची वाढ. प्रत्यक्षात अ‍ॅम्प ३२ वरून ८२ वर गेला, ५० अंशांची वाढ. अ‍ॅम्पमध्ये तांबं-लोखंडही असतं, त्यामुळे हिशेब ढोबळच. पण तयार झालेल्या उष्णतेपैकी निम्म्याहून जास्त अ‍ॅम्पच्या अंगातच अडकून राहत होती. गोधडी पांघरून धावणाऱ्या माणसाची जी गत होईल, ती या अ‍ॅम्पची झाली होती.

उष्णता मुळात एवढी का?

१५ अँपिअर हा आकडा मला खटकत होता. या मापाच्या अ‍ॅम्पला त्या आवाजात इतका करंट लागायला नको. वूफरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला: १.८ ओहम.

वूफर दुहेरी कॉइलचा, प्रत्येक कॉइल ४ ओहमची. दोन्ही पॅरलल जोडल्या होत्या, म्हणजे वूफर २ ओहमचा झाला (मीटर कॉइलचा डीसी रोध मोजतो, तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच दिसतो). आता या अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: सुट्या चॅनलला किमान २ ओहम, ब्रिज केल्यास किमान ४. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रिजमध्ये दोन चॅनल मिळून एक स्पीकर ओढतात, तेव्हा प्रत्येक चॅनलला त्या स्पीकरचा निम्माच रोध जाणवतो. २ ओहमचा वूफर ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनलच्या वाट्याला १ ओहम येतो. अ‍ॅम्प लगेच जळत नाही, वाजतोही दणकून. म्हणूनच चूक कळत नाही. ती उष्णतेच्या रूपात साठत जाते.

भरीला गेनची कळ शेवटपर्यंत फिरवलेली आणि बास बूस्टही पूर्ण, १२ डेसिबलवर. १२ डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात सोळापट पॉवरची मागणी. ती पुरवण्याची अ‍ॅम्पची ताकद नसतेच, मग लहरींचे माथे कापले जातात, सरासरी पॉवर वाढते आणि वूफरची कॉइलही तापते. गेनला लोक व्हॉल्यूम समजतात. तो स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्पचं माप जुळवण्यासाठी असतो.

दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडल्या, वूफर ८ ओहमचा झाला. बूस्ट बंद. वूफर सोडवून ठेवून ५० हर्ट्झचा टोन वाजवला आणि टर्मिनलवर २९.७ व्होल्ट येईपर्यंत गेन लावला. हा आकडा कुठून आला? अ‍ॅम्पची छापील क्षमता ब्रिजमध्ये ४ ओहमवर २२० वॅट. २२० गुणिले ४ याचं वर्गमूळ २९.७. व्होल्टेज तेवढंच ठेवून ८ ओहमवर ११० वॅट मिळतात. निम्मी पॉवर म्हणजे कानाला ३ डेसिबलचा फरक, आणि "निम्मी" म्हटल्यावर वाटतो त्यापेक्षा तो लहान असतो. गाडीमालकांनी पहिलं गाणं ऐकून तोंड जरा वाकडं केलं. पेटी सरकवून वूफरचं तोंड डिकीच्या मागच्या पत्र्याकडे केलं, तेव्हा "आता बरं आहे" म्हणाले. पूर्वीइतका दणका हवाच असेल, तर वूफरसाठी २ ओहम झेपणारा वेगळा क्लास डी मोनो अ‍ॅम्प लावणं हा सरळ मार्ग आहे, तेही त्यांना सांगितलं. क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर असते, उष्णता बरीच कमी. त्यांनी तूर्त नको म्हटलं.

करंट १५ वरून ८.५ अँपिअरवर आला. उष्णता अंदाजे ८० वॅट. अ‍ॅम्प मुद्दाम जागचा हलवला नव्हता. त्याच उलट्या जागी, तेच सामान, त्याच चादरी. दोन तास वाजवला. ७६ अंशांवर थांबला, बंद पडला नाही.

तक्रार इथे मिटली होती. गाडी परत देऊन हात झटकता आले असते. पण ७६ हा आकडा मला मंजूर नव्हता. तेव्हा डिकीतली हवा होती ३७ अंश. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचं केबिन तासाभरात बाहेरच्यापेक्षा सहज २० अंशांनी जास्त तापतं. डिकी तेवढी नाही तापत, तरी ५० अंश धरून चाललो, तर हाच अ‍ॅम्प ८९ वर जाणार आणि पुन्हा लाल दिवा. शिवाय आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना हिशेब. सतत ७५ अंशांत काढलेली वर्षं ५५ अंशांतल्या वर्षांच्या तुलनेत पाव उरतात.

खाली वाकून पाहिलं तेव्हा

जागा बदलायची म्हणून अ‍ॅम्प उतरवायला घेतला. चारपैकी तीन स्क्रू हाताने फिरत होते. वूफरच्या थरथरीने ते ढिले झाले होते. एका स्क्रूवर आणि वायरींवर ४ किलोचा ठोकळा लोंबकळत होता. अपघातात गाडी २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) इतक्या वेगमंदनाने थांबली, तर क्षणभर त्याचा भार ८० किलो वजनाइतका होतो, आणि तो सीटच्या पाठीच्या दिशेने सुटतो.

त्याहून वाईट गोष्ट खाली सापडली. पहिला अ‍ॅम्प डिकीच्या तळाला बसवलेला होता. त्याचे सेल्फ-टॅपिंग स्क्रू कार्पेटखाली तसेच राहिले होते. गाडी लिफ्टवर घेतली. एका स्क्रूचं टोक तळाच्या पत्र्यातून दीड-दोन सेंटीमीटर बाहेर आलेलं आणि इंधन भरण्याच्या नळीच्या रबराला घासत होतं. रबरावर चर पडलेली दिसत होती. गळती नव्हती. तक्रार गाण्यांची होती आणि गाडीत आगीची शक्यता पडून होती. त्या दिवशी बाकीचं काम बाजूला ठेवलं. नळी बदलून घेतली, स्क्रू काढले, भोकांच्या कडा घासून गंजरोधक प्राइमर लावला आणि रबरी बूच सीलंटसह बसवले.

ड्रिल हातात घेण्याआधी पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघणं, याला पर्याय नाही. डिकीच्या आणि मागच्या सीटच्या खाली टाकी, इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरिंगचे जुडगे असतात. सीटखाली अ‍ॅम्प ठेवायचा विचार असेल, तर तिथल्या पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात.

"मग सरळ वूफरच्या पेटीवरच बसवूया की," गाडीमालक म्हणाले. "लाकूड जाड आहे, खाली टाकी नाही, वायरही कमी लागेल."

"अहो, तुमचे स्क्रू कशाने ढिले झाले ते आत्ताच पाहिलंत ना? पेटी त्या थरथरीचं माहेरघर आहे."

अ‍ॅम्पमधले जड भाग, म्हणजे मोठे कपॅसिटर आणि तारेची वेटोळी, दोन-चार बारीक पायांवर उभे असतात. रोजच्या हादऱ्यांनी त्यांच्या पायांशी सोल्डरला तडे जातात. ट्रान्झिस्टर पट्टीने फिन्सना दाबून बसवलेले असतात. पट्टीचा स्क्रू सैल झाला की ट्रान्झिस्टरची उष्णता फिन्सपर्यंत पोचतच नाही. बाहेरून अ‍ॅम्प कोमट लागतो आणि आत तो भाजत असतो. पेटीवर अ‍ॅम्प चालतो, काही वर्षंसुद्धा. मी मात्र बसवत नाही.

शेवटी जागा मिळाली ती डिकीच्या डाव्या बाजूला, चाकाच्या कमानीमागे. १८ मिलिमीटरची प्लायवुडची उभी फळी केली आणि ती सामान बांधायच्या कड्यांच्या मूळच्या बोल्टांना व सीटच्या ब्रॅकेटला लोखंडी पट्ट्यांनी आवळली. गाडीत एकही नवं भोक पाडलं नाही. फळीत मागून टी-नट (लाकडात रुतून बसणारे नट), पुढून मशीन स्क्रू, स्प्रिंग वॉशर. अ‍ॅम्प आणि फळी यांच्यामध्ये २० मिलिमीटरचे नायलॉनचे स्पेसर, म्हणजे पाठीमागूनही हवा वर चढते आणि अ‍ॅम्पचं अंग गाडीच्या पत्र्यापासून अलग राहतं. त्याने घूंऽऽ असा आवाज येण्याचं एक कारण टळतं. फिन्स उभ्या, कारण उभ्या फिन्समधून हवा चिमणीसारखी वर ओढली जाते. पॉवरची टर्मिनल खालच्या बाजूला आणि वायरींना अ‍ॅम्पच्या पातळीखाली एक झोळ, म्हणजे पाणी ओघळलं तरी टर्मिनलपर्यंत चढत नाही.

समोर ५ सेंटीमीटर अंतरावर जाळीचा पत्रा. खालची आणि वरची बाजूही जाळीचीच, हवा खालून शिरते आणि वरून निघते. या सगळ्या कामात जाळी ही सगळ्यात साधी गोष्ट होती आणि सगळ्यात मोठा फरक तिनेच पाडला. सामान येणारच, त्याला अ‍ॅम्पपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं.

डिकीच्या बाजूच्या अस्तरामागे, बंपरच्या आड, गाडीच्या बॉडीला हवा बाहेर सोडणाऱ्या रबरी झडपा असतात. दार लावताना आतला दाब त्यांतूनच निघतो, आणि पंखा किंवा एसी चालू असताना केबिनची हवा डिकीतून याच वाटेने बाहेर जाते. या गाडीत डाव्या झडपेवर आवाज कमी करणारी डांबरी चटई चिकटवलेली होती. ती कापून झडप मोकळी केली. वर केबिनची गार हवा, खाली झडप: अ‍ॅम्पला फुकटचा वारा मिळाला.

जुना पंखा काढून टाकला. तो थेट स्टिरिओच्या रिमोट वायरवर जोडलेला होता. ती वायर फक्त "चालू हो" एवढा इशारा देण्यासाठी असते, मोटर चालवण्यासाठी नाही. पंखा लावायचाच झाला, तर रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज हवा. पण मी नवा लावलाही नाही. पंख्यात धूळ साचते, बेअरिंग जातं, आणि तो कधी थांबला हे कुणाला कळत नाही.

वायरिंगचं थोडक्यात. बॅटरीपासून ५ मीटर ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर होती आणि फ्यूज डिकीत, अ‍ॅम्पशेजारी. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो; तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत नसेल, तर मधली सगळी वायर राखणदाराशिवाय. अर्थिंग रंगावरच आवळलेलं. बासच्या ठोक्याला बॅटरीवर १३.९ आणि अ‍ॅम्पवर १२.६ व्होल्ट. हे सगळं बदललं: ४ गेजची शुद्ध तांब्याची वायर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रॉमेट, फ्यूज बॅटरीजवळ, अर्थिंगखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लग (वायरीच्या टोकाची कडी). वाटेतली व्होल्टेजची घट ०.३ व्होल्टवर आली.

मग पुन्हा तीच परीक्षा: चादरी, उशा, बॅगा, दोन तास. अ‍ॅम्प ५५ अंश, डिकी ३८.

गाडीमालक भर उन्हाळ्यात लांबचा प्रवास करून पाच आठवड्यांनी आले. मध्ये एका थांब्यावर त्यांनी स्वतःच टेपवर मीटर धरलं होतं: ६६, डिकीत ४९. गाणी एकदाही थांबली नव्हती. मी जाळी काढून स्क्रू तपासले. बसवताना प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून वॉशरवर रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली होती. तीन रेघा जुळत होत्या, खालच्या उजव्या स्क्रूची केसभर सरकली होती. तो काढून आट्यांवर थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब टाकला, परत आवळला आणि नवी रेघ ओढली.